कोठीची किल्ली कोणाकडे?

विषय निघाला तो ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. टीममधला एक जण जेवता जेवता म्हणाला, "समाजवाद म्हणजे शेवटी काय रे, एक मिशीवाला आणि चौकाचौकात त्याचे पुतळे." सगळे हसले. मीही हसलो. डबा संपला, मीटिंग होती, पळालो.

पण संध्याकाळी कर्जतला उतरून खोपोली लोकलची वाट बघत बसलो आणि ते वाक्य डोक्यात घोळायला लागलं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कर्जत-खोपोली हा एकेरी मार्ग आहे. एक गाडी चुकली की विचार करायला भरपूर वेळ मिळतो. माझं निम्मं वाचन त्या बाकड्यावर झालंय.) मित्राचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. रशिया, चीन, उत्तर कोरिया... यादी त्याच्या बाजूनेच होती. पण जमीन, धान्य, पाणी सगळ्यांच्या मालकीचं असावं असं म्हटलं की हुकूमशहा यायलाच हवा का? आणि यायचा नसेल तर त्याला अडवायचं कोणी? त्याचं एक उत्तर सारखं ऐकू येतं: लोकांनीच. म्हणजे प्रतिनिधी-बितिनिधी नको, लोकांनी स्वतः बसून ठरवायचं. थेट लोकशाही.

उत्तर ऐकायला झकास आहे. मला मात्र असल्या उत्तरांची भीती वाटते. क्लायंट जेव्हा "इट्स सिंपल" म्हणतो तेव्हा वाटते तशीच. म्हणून म्हटलं, लांब कशाला जा, आपल्याच जिल्ह्यात हा प्रयोग कधी झालाय का ते बघू. आणि खरं सांगतो, आपला रायगड (१९८१पर्यंतचा कुलाबा) या बाबतीत भलताच श्रीमंत निघाला.

सुरुवात माझ्या काकांपासून करतो. ते कर्जत तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी असतात. लहानपणी त्यांच्या तोंडून खावटीच्या गोष्टी ऐकल्यात. ज्येष्ठ-आषाढात घरातलं भात संपायचं, पेरणी तोंडावर, मग सावकाराकडून भात उचलायचं आणि कापणी झाली की दीडपट, कधी दुप्पट परत करायचं. म्हणजे दिवाळीला पीक घरात येण्याआधीच निम्मं दुसऱ्याचं झालेलं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. काका याला 'लूप' म्हणत नाहीत, पण आहे तो लूपच.

हा लूप तोडायचा प्रयत्न कर्जत भागात ज्यांनी केला ते भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १९१२, माथेरानचा. नाभिक समाजातल्या गरीब घरातला मुलगा, शिकून वकील झाला, माथेरान नगरपालिकेत उपाध्यक्षही झाला. आपण त्यांना ओळखतो ते आझाद दस्त्यामुळे, १९४२मध्ये मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारे कोतवाल म्हणून. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. अजूनही दर २ जानेवारीला भल्या पहाटे लोक तिथे जमतात. २०२०मध्ये त्यांच्यावर सिनेमाही आला. पण मनोरे पाडण्याच्या आधीचे कोतवाल मला जास्त जवळचे वाटतात. त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या काढल्या, शाळा काढल्या. कल्पना साधी: सुगीला प्रत्येकाने थोडं थोडं भात एका कोठीत टाकायचं, पावसाळ्यात गरज लागेल त्याने तिथून उचलायचं आणि परत करताना नाममात्र वाढ द्यायची. सावकाराची गरजच संपली.

एका कोठीएवढा समाजवाद म्हणा ना. पोथी नाही, पॉलिटब्युरो नाही, फक्त भात.

आणि नेमका इथेच तो कॅन्टीनमधला प्रश्न उभा राहतो. कोठीला कुलूप लागतं. कुलपाला किल्ली असते. किल्ली एका माणसाकडेच राहणार, चाळीस जणांकडे राहू शकत नाही. आज तो माणूस कोतवालांसारखा असेल. उद्या? ज्याच्याकडे किल्ली त्याच्या दारात पावसाळ्यात सगळं गाव उभं राहणार. पूर्वी पाच सावकार होते, एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जाता यायचं. आता कोठी एकच. किल्लीवाला बिघडला तर तो पाच सावकारांपेक्षा वाईट.

सर्व्हरवर काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रूट पासवर्ड एकाकडे, बॅकअप त्याच्याकडे, लॉग्जही तोच बघतो आणि लॉग्ज पुसायचा अधिकारही त्यालाच! अशी सिस्टिम कोणी लाइव्ह करेल का? रशियाने केली. आणि गंमत म्हणजे तिथे सुरुवात अगदी उलटी होती. १९१७च्या सोव्हिएट म्हणजे कामगारांच्या, शिपायांच्या, शेतकऱ्यांच्या सभा. प्रतिनिधी निवडायचा आणि नाही पटला तर कधीही परत बोलवायचा. थेट लोकशाहीच्या इतकं जवळ एवढा मोठा देश क्वचितच गेला असेल. पण जानेवारी १९१८मध्ये निवडून आलेली संविधान सभा एका बैठकीनंतर गुंडाळली गेली. मार्च १९२१मध्ये क्रोन्श्टाटच्या खलाशांनी मागणी केली की सोव्हिएटच्या निवडणुका पुन्हा घ्या, गुप्त मतदानाने घ्या. हे तेच खलाशी ज्यांच्या जिवावर क्रांती झाली. त्यांच्यावर सैन्य पाठवलं गेलं. त्याच महिन्यात पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात पक्षांतर्गत गटांवर बंदी आली. सोव्हिएट हे नाव मात्र पुढे सत्तर वर्षं देशाच्या पाटीवर राहिलं.

म्हणजे सभा होत्या, पण किल्ली पक्षाकडे होती. सभांना किल्ली परत मागायची सोयच उरली नाही.

आता परत घरी येऊ. आपल्याकडे हा धोका कोणाला दिसला होता का? दिसला होता, आणि ज्याला सगळ्यात स्वच्छ दिसला त्या माणसाचं या जिल्ह्याशी फार जुनं नातं आहे.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा, तो सगळ्यांना माहीत असतो. चरीचा संप तेवढा माहीत नसतो. अलिबागजवळचं चरी. २७ ऑक्टोबर १९३३ला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. आणि १९३९पर्यंत कसली नाही! सहा वर्षं. लोकांनी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, उपाशी राहिले, पण नांगर धरला नाही. आपल्या ऑफिसात सहा दिवस कोणी प्रोटेस्ट म्हणून एसी बंद ठेवणार नाही. या संपाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला, १९३७मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८मध्ये शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला.

ज्या माणसाने खोती इतक्या जवळून बघितली त्याने १९४७मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' नावाचं एक निवेदन लिहिलं. त्यात काय होतं? सगळी शेतजमीन सरकारच्या मालकीची, गावकऱ्यांनी ती गटागटाने कसायची, ना जमीनदार, ना कूळ, ना भूमिहीन. पक्का समाजवाद. पण त्यांची अट अशी की हे हुकूमशहाच्या हातून होता कामा नये आणि उद्याच्या बहुमताच्या लहरीवरही सोडता कामा नये, ते घटनेतच लिहून टाका. म्हणजे किल्ली माणसाकडे नाही, पक्षाकडे नाही, कागदात. तो कागद सहज फाडता येणार नाही असा.

मग गंमत बघा. १५ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत के. टी. शहांनी सूचना मांडली की भारत 'समाजवादी' राज्य असेल असं घटनेतच घाला. आंबेडकरांनी विरोध केला! त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचं, आपण ते घटनेत कोरून ठेवलं तर लोकांचा ठरवण्याचा हक्कच काढून घेतल्यासारखं होईल. वर हेही सांगितलं की समाजवादी आशय मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. एका वर्षात माणूस बदलला का? मला तसं वाटत नाही. मला वाटतं 'खुद्द जमीन कोणाची' हे लिहून ठेवणं आणि नुसता शब्द चिकटवणं यातला फरक त्यांना कळत होता. शब्द फुकट असतो. तो कोणीही वापरू शकतो.

वापरलाच. 'समाजवादी' हा शब्द घटनेच्या उद्देशिकेत कधी आला माहितीये? १९७६मध्ये, ४२व्या घटनादुरुस्तीने. आणीबाणी चालू असताना. विरोधी नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि देश कागदोपत्री समाजवादी झाला. माझ्या मित्राला हे सांगितलं तर तो टाळ्या वाजवेल.

पण आणीबाणीकडे जाण्यापूर्वी एक छोटा प्रवास. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी बाइक काढली आणि खोपोली-पेण रस्त्याने गागोद्याला गेलो. विनोबांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५. आमच्या घरापासून इतकं जवळ, आणि मी सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत तिथे गेलो नव्हतो. (लोणावळ्याला मात्र चिक्की आणायला किती वेळा गेलोय ते विचारू नका.) डोंगराच्या कुशीतलं शांत गाव, भाताची खाचरं, कौलं. तिथे उभं राहिल्यावर विनोबांना 'गाव' हा शब्द एवढा मोठा का वाटायचा ते थोडंसं कळतं.

कारण त्यांचं उत्तर आंबेडकरांच्या बरोबर उलटं होतं. १९५१मध्ये तेलंगणात भूदान सुरू झालं, पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरोठने अख्खं गाव दान केलं आणि ग्रामदान ही कल्पना जन्मली. जमिनीची मालकी गावसभेकडे, कसायचा हक्क त्याच कुटुंबाकडे वारसाने, भूमिहीनांना विसावा हिस्सा, आणि जमीन गावाबाहेर विकायची नाही. निर्णय बहुमताने नाही, सर्वानुमतीने. एक जण जरी 'नाही' म्हणाला तरी थांबायचं, पुन्हा बसायचं. महाराष्ट्राने १९६४मध्ये ग्रामदानाचा कायदाही केला. म्हणजे हाही समाजवादच, पण सरकारशिवाय. किल्ली दिल्लीत नाही, मुंबईत नाही, गावातल्या पारावर, सगळ्यांसमोर टांगलेली.

आणि मग आला जून १९७५.

विनोबा तेव्हा पवनारला वर्षभराच्या मौनात होते. जयप्रकाश नारायण, ज्यांनी १९५४मध्ये या चळवळीला आयुष्य वाहिलं होतं, ते तुरुंगात. आणि विनोबांच्या नावाने देशभर एक शब्द फिरला: अनुशासन पर्व. सरकारने त्याची पोस्टरं केली. विनोबांनी पुढे खुलासा केला की शासन हे सत्तेचं असतं आणि अनुशासन आचार्यांचं, मला दुसरं अभिप्रेत होतं. खुलासा खरा असेलही. पण तोपर्यंत शब्दाचं काम झालं होतं. जो माणूस आयुष्यभर सांगत आला की सत्ता गावात असली पाहिजे, त्याचा एक शब्द सगळी सत्ता एका घरात एकवटलेली असताना तिच्या कामाला आला. गागोद्याच्या त्या घरासमोर उभा असताना मला हे सारखं आठवत होतं आणि वाईट वाटत होतं. हजारो ग्रामदानी गावं कागदावर होती. त्यातली किती गावं जून १९७५मध्ये उभी राहून 'नाही' म्हणाली? अशी गोष्ट माझ्या तरी वाचनात नाही.

आंबेडकरांचा कागद तरी टिकला का? एप्रिल १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात जायचा हक्कच नाही. एकटे न्या. खन्ना विरोधात. म्हणजे कागदही वाकला. शेवटी आणीबाणी घालवली ती मार्च १९७७च्या साध्या, पाच-वर्षांनी-एकदा-वाल्या निवडणुकीने, जिला थेट लोकशाहीवाले नाकं मुरडतात. त्यानंतर १९७८मध्ये ४४व्या दुरुस्तीने आणीबाणी लावणं अवघड केलं. बग सापडला, पॅच आला.

इथे लेख संपवता आला असता. निवडणूक जिंकली, थेट लोकशाही हरली. पण मग २००८ आठवतं.

तेव्हा मी शाळेत होतो, पण घरी रोज तोच विषय असायचा. पेण, पनवेल, उरणमधल्या गावांची जमीन महामुंबई सेझसाठी घ्यायचं चाललं होतं. रिलायन्सचा प्रकल्प, हजारो हेक्टर. विरोधाचं नेतृत्व प्रा. एन. डी. पाटलांकडे, शेतकरी कामगार पक्षाचे. (या पक्षाची गंमत अशी की १९५०च्या दाभाडी प्रबंधापासून तो उघड मार्क्सवादी आहे. आपल्या जिल्ह्यात लाल बावटा कारखान्यात नाही, भाताच्या खाचरात वाढला.) पेणमधली २२ गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. पाणी पोचणार असलेली जमीन कारखान्याला का द्यायची, हा त्यांचा सवाल. आंदोलन एवढं वाढलं की सरकारने एक अघटित गोष्ट केली: २१ सप्टेंबर २००८ला त्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं. सेझला जमीन द्यायची का नाही? जमीन संपादनासाठी लोकांना असं गावोगाव मतपेटीकडे बोलावणं तोपर्यंत आपण ऐकलंच नव्हतं. कल कुठे होता हे सांगायला नकोच. पुढे संपादनाची मुदत २००९मध्ये संपली आणि ती जमीन शेतकऱ्यांकडे राहिली.

मला हा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातला फार मोठा दिवस वाटतो. पण त्याच्याकडे नीट बघितलं तर तीन गोष्टी खुपतात.

हे मत कायद्याने बंधनकारक नव्हतं. प्रश्न सरकारने ठरवला, तारीख सरकारने ठरवली, नको असतं तर मत घेतलंच नसतं. हे लहानसहान नाही. १८५१च्या डिसेंबरमध्ये लुई नेपोलियनने फ्रान्समध्ये सत्ता बळकावली आणि मग लोकांना विचारलं, मी केलं ते बरोबर ना? सत्तर लाखांहून जास्त लोक 'हो' म्हणाले. वर्षभरात तो सम्राट झाला. थेट मतदान होतं की ते! प्रश्न विचारायचा हक्क ज्याच्याकडे त्याच्याकडे निम्मं उत्तर असतं. आणि तिसरी गोष्ट, जी मला खूप उशिरा सुचली: मत कोणाला होतं? सातबारावर नाव असलेल्यांना. त्या जमिनीवर मजुरीला जाणाऱ्या, खाडीत मासे धरणाऱ्या, वीटभट्टीवरून पावसाळ्यात परतणाऱ्या कातकऱ्याला त्या पेटीत टाकायला चिठ्ठीच नव्हती.

आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत खेड्यांबद्दल जे कडक बोलले ते इथे आठवतं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं डबकं, असा त्यांचा सूर होता. गांधीवाद्यांना ते भयंकर झोंबलं. पण चवदार तळ्यावर पाणी कोणी अडवलं होतं? इंग्रज सरकारने नाही. महाडच्या नगरपालिकेने तर तळं खुलं असल्याचा ठराव केला होता. अडवलं गावाने. सगळ्यांनी मिळून, अगदी थेट.

आता कर्जत-खालापूरकडे बघू. आमच्याकडे डोंगरपट्टीत ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. बहुतेक ठिकाणी गट ग्रामपंचायत, म्हणजे खाली एक मोठं गाव आणि त्याला जोडलेल्या चार-दोन वाड्या. ग्रामसभा खालच्या गावात. वाडीवरून उतरायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली. अनुसूचित क्षेत्रासाठी १९९६चा पेसा कायदा आहे, त्यात वाडीपाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. पण रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाडचा काही भाग आहे, आमचा डोंगर नाही. डोंगर एकच, माणसं तीच, जिल्ह्याची हद्द मध्ये आली. असो.

पेसा, वनहक्क हे नीट वापरलं की काय होतं ते बघायला गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आहे. गोंड आदिवासींचं लहानसं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं ऐकली असतील. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. २००९मध्ये १८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा हक्क केंद्रीय मंत्र्यांनी गावात येऊन ग्रामसभेकडे दिला. आणि २०१३मध्ये गावाने आपल्या खासगी जमिनीही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं, त्याच १९६४च्या ग्रामदान कायद्याखाली. गागोद्याच्या माणसाची कल्पना जिवंत झाली ती थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला!

तिथे काय वेगळं आहे? मला वाटतं दोन गोष्टी. निर्णय सर्वानुमतीने, बहुमताने नाही, त्यामुळे वाडीवरची एक बाई 'नाही' म्हणाली तरी काम थांबतं. आणि त्यांचा अभ्यासगट. निर्णयाच्या आधी महिनोन्महिने बसून विषय समजून घेतात, कायदा वाचतात, बाहेरच्यांना विचारतात. म्हणजे प्रश्न विचारायचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला. मतपेटी हा शेवटचा भाग झाला. अर्थात हे जमलं ते जवळपास सगळे एका समाजाचे असलेल्या लहान गावाला. तीन जाती आणि पाच वाड्यांच्या गट ग्रामपंचायतीत सर्वानुमती म्हणजे कधीच काही न ठरणं, असंही होऊ शकतं. युगोस्लाव्हियाने १९५०पासून कारखानेच कामगारांच्या मंडळांकडे दिले होते, आणि १९७४मध्ये टिटो तहहयात अध्यक्ष झाला. खाली थेट लोकशाही, वर एकच पक्ष, दोन्ही एकत्र नांदले. त्यामुळे मेंढा बघून मला आनंद होतो, पण हुरळून जायला होत नाही.

मग मी आपल्या ग्रामसभेचे नियम वाचायला घेतले, स्पेसिफिकेशन वाचतात तसे. चांगल्या गोष्टी खूप आहेत. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. थेट निवडून आलेल्या सरपंचाला काढायचं तर सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. पॅरिसमध्ये १८७१ला कम्यूनने मागितलेली परत बोलावण्याची सोय, आपल्या पंचायत कायद्यात! दारूचं दुकान बंद करायला बायका 'आडवी बाटली'ला मत देतात तेही आपल्याकडेच. पण एक ओळ वाचून मी हसलो: गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. एरर हँडलिंगच्या नावाखाली मागचं दार! कोणाला गावच नको असेल तर त्याने फक्त पहिल्या सभेला कोणी येणार नाही एवढं बघायचं.

हे सगळं वाचून झाल्यावर काकांना फोन केला. म्हटलं, "काका, आपल्या गावात ग्रामदान झालं असतं तर?"

"तर तुझ्या चुलत भावाने फार्महाउसवाल्याला जमीन विकली नसती," काका म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "आणि मलाही विकता आली नसती. तुझ्या ताईचं लग्न त्या पैशांत झालंय, ते विसरू नकोस."

मी गप्प. खरं तर हाच माझा प्रश्न आहे आणि मला तो सुटलेला नाही. कर्जतला दर रविवारी प्लॉटच्या जाहिराती घेऊन लोक उभे असतात. गावाने एकत्र बसून 'विकायची नाही' म्हटलं असतं तर डोंगर वाचला असता. पण माझ्या काकांच्या दोन एकरांवर गावातल्या शंभर जणांनी हात वर करायचे, हे मला मनापासून मान्य आहे का? २००८ला पेणमध्ये लोकांनी नको म्हटलं तेव्हा मी खूश होतो, कारण समोर कंपनी होती. समोर काका असते तर?

"तू ये ना २ ऑक्टोबरला, ग्रामसभा आहे," काका म्हणाले. "नुसतं वाचतोस."

गेलो. शाळेच्या वर्गात सभा. मी मागच्या बाकावर. मला बोलायचा हक्क नाही, माझं नाव खोपोलीच्या मतदार यादीत. सातबारावर मात्र आजोबांचा वारस म्हणून आहे. वर्गाच्या दाराशी वाडीवरच्या सात-आठ ठाकर बायका बसल्या होत्या, त्यांचं उलट: सातबारा कोणाच्याच नावावर नाही, पण मतदार यादीत सगळ्यांची नावं. म्हणजे पेणच्या त्या मतदानाला माझ्यासारख्याला चिठ्ठी मिळाली असती, त्यांना नाही. इथे त्यांना आहे, मला नाही. त्या दिवशी हा नियम मला पहिल्यांदाच बरोबर वाटला.

विषय वाचायच्या आधीच सह्यांचं रजिस्टर फिरायला लागलं. पुढच्या रांगेतल्यांनी पटापट सह्या केल्या. रजिस्टर दाराशी आलं. त्यातली एक वयस्क बाई म्हणाली, "आधी वाचा. मागल्या साली टाकी लिहिली होती वाडीवर, ती कुठं हाय?"

ग्रामसेवक म्हणाले, "मावशी, तो विषय आज नाही. सही करा, बघतो."

"टाकी कुठं हाय ते लिवा आधी," ती म्हणाली. "मग अंगठा देते."

दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. काका आपल्या जागेवरून म्हणाले, "लिहा हो, काय बिघडतंय." ग्रामसेवकांनी पानं उलटली, पेन शोधलं आणि इतिवृत्ताच्या वहीत टाकीचा विषय लिहिला. तिने शेजारच्या शाळकरी पोरीला ते वाचून दाखवायला सांगितलं, दोनदा ऐकलं, आणि मग अंगठा उमटवला.